बूट घालून बसा

मंडळाच्या गणपतीत दर वर्षी कोणीतरी नव्याने आलेली बाई मला विचारते, "आणि तुम्ही काय करता?" मी सांगते, "गाड्यांची किट विकते." तिला वाटतं, प्रथमोपचाराची पेटी. मग मी सांगते, की जुन्या नामांकित स्पोर्ट्‌स कारसारखी दिसणारी गाडी सुट्या भागांत मिळते, ती आपण घरी बांधायची.

"म्हणजे डुप्लिकेट?"

"प्रतिकृती."

"म्हणजे डुप्लिकेटच ना?"

इथे मी आरतीचं ताट पुढे सरकवते आणि विषय संपवते. पण दिवाळी अंकात वाचक उठून जात नाही असं म्हणतात, तेव्हा इथे नीट सांगते.

मूळ गाड्या आता संग्रहालयात असतात, नाही तर अशा लोकांकडे, जे तुम्हाला गेटच्या आत घेणार नाहीत. पण आकार कोणालाही आवडू शकतो. म्हणून काही लहान कारखाने त्याच घाटाची फायबरची बॉडी आणि पोलादी नळ्यांचा सांगाडा बनवतात. तुमच्याकडे येतात खोकी. इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल हे सगळं एखाद्या साध्यासुध्या जुन्या गाडीतून काढायचं. तिला आम्ही 'दाता' म्हणतो. मग हिवाळ्यामागून हिवाळे गॅरेजमध्ये बसून सगळं जोडायचं. शेवटी सरकारी निरीक्षक येऊन ब्रेक, दिवे, एकेक जोड तपासतो. पास झालात तर नंबर प्लेट. नापास झालात तर बागेत ठेवायला एक सुंदर वस्तू.

माझं काम या सगळ्याच्या आधीचं. कोणी कुठलं किट घ्यावं हे ठरवायला मदत करायची. आणि घेऊच नये, हेही सांगायचं. विक्रेतीच्या तोंडून ते ऐकलं की लोकांना आधी राग येतो आणि मग विश्वास बसतो.

मी मूळची सांगलीची. भोसरीत जिग-फिक्स्चर, म्हणजे यंत्रावर सुटे भाग पकडून ठेवायची साधनं, बनवणाऱ्या कारखान्यात काम करत होते. नवऱ्याला, सतीशला, इथल्या विद्यापीठात संशोधनाची नोकरी लागली आणि मी एनस्खेडेला त्याच्या राहण्याच्या परवान्याला जोडलेली बायको म्हणून आले. जोडलेलं राहून कंटाळा आला तेवढ्यात कुकरच्या मुठीच्या स्क्रूचे आटे गेले. जुन्या कापडगिरणीच्या आवारात एक वर्कशॉप दिसलं होतं, तिथे कुकर घेऊन गेले. लाकडी बूट घातलेला एक उंच डच माणूस, यान, कुकरकडे बॉम्बकडे बघावं तसा बघत राहिला. मी त्याच्या टेबलावरचा आटे पाडायचा टॅप उचलला, एक माप मोठे आटे पाडले आणि त्या मापाचा स्क्रू बसवला. यान म्हणाला, "सोमवारी मोकळी आहेस का?" मी मोकळीच होते. अजून त्याच वर्कशॉपमध्ये आहे. कुकरही चालू आहे.

आमच्याकडे तीन तयार गाड्या बघण्यासाठी उभ्या असतात. त्यांची खरी नावं म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे, म्हणून मी मराठी नावं ठेवली. पहिली 'सायकल'. तिची पुढची चाकं अंगाबाहेर असतात आणि त्यांवर सायकलसारखे मडगार्ड. दार नाही, छप्पर नाही, लाड नाहीत. दुसरी 'रेडा', म्हणजे फुगलेल्या खांद्यांची, मोठ्या इंजिनाची, उघडी गाडी. गुरगुरते आणि पेट्रोल पिते. तिसरी 'पाचर': इंजिन पाठीमागे, नाक जमिनीला टेकलेलं, बाजूने बघितलं तर लाकूड फोडायची पाचरच. यानसाठी मी ही नावं रोमन अक्षरांत लिहून चिकटवली. डच भाषेत सी-एच म्हणजे 'ख', त्यामुळे त्याच्या तोंडी पाचरेचं पाखर झालं. दुरुस्त करायच्या भानगडीत मी पडले नाही. पाचरेने उडावं असं सगळ्यांनाच वाटत असतं.

गिऱ्हाइकाला मी एकच गोष्ट शिकवते. कुठली गाडी चालवायला आवडेल हे स्वतःला विचारू नका. कुठलं काम करायला आवडेल ते विचारा. चालवायची उन्हाळ्यातल्या चार रविवारी, काम रोजचं. आणि दारं मोजा. दार म्हणजे बिजागरी, कुलूप, काच, रबर आणि त्यातून आत येणारं पाणी. एक दार म्हणजे एक हिवाळा.

हे सगळ्यांना पटतं असं नाही. डेल्फ्टहून एक पीएचडी करणारा मुलगा आला होता, औरंगाबादचा. सगळा हिशेब तयार, वजनाचा आलेखसुद्धा.

"बांधणार कुठे?" मी विचारलं.

"रूमवर."

"कितव्या मजल्यावर?"

"तिसऱ्या. पण खोली मोठी आहे, ताई."

"आणि खाली कशी आणणार?"

तो माझ्याकडे दयेने बघत म्हणाला, "घराला हुक आहे ना!"

इथल्या जुन्या घरांचे जिने इतके अरुंद, की सामान चढवायला दर्शनी भिंतीच्या माथ्यावर हुक असतो. दोर टाकून पलंग, कपाटं खिडकीतून आत घेतात. त्या हुकाला स्पोर्ट्‌स कार लटकलेली आणि खालून कालव्याकाठी डेल्फ्टचे पर्यटक फोटो काढताहेत, हे दृश्य मला अजूनही अधूनमधून आठवतं. त्याला मी पीएचडी पूर्ण करून ये म्हणून सांगितलं. अजून आला नाही. म्हणजे पीएचडी चालू असणार.

दुसरा एक, गावाबाहेरचा शेतकरी. त्याने रेडा हट्टाने घेतला. मी नको म्हणत होते, यान हो म्हणत होता, आणि त्या दिवशी मला सर्दी होती. पहिल्या हिवाळ्यात सांगाडा उभा राहिला, दुसऱ्यात बॉडी बसली, तिसऱ्यात कोंबड्यांनी शेजारच्या सीटवर अंडी घातली. आता तिथे त्यांचं बिऱ्हाडच आहे. तो माणूस रागावलेला नाही. ईस्टरला आम्हाला अंडी पाठवतो. मी ती खाते, पण चव लागत नाही.

तर मुद्द्याची गोष्ट माधव आणि चित्रा यांची. पुण्याचे, राहायला नायमेखनला. माधव चिप बनवणाऱ्या उद्योगात इंजिनिअर, पन्नाशीचा. चित्रा तिथल्याच एका शाळेत गणित शिकवते. फोनवर मी नेहमीप्रमाणे सांगितलं, "येताना रोजचे बूट घालून या. जे घालून गाडी चालवणार, तेच."

"बूट घालूनच येऊ की," माधव हसून म्हणाला. "अनवाणी कोण येतं?"

लोकांना वाटतं, गाडीत बसायचं असतं. या गाड्या अंगावर घालायच्या असतात. पाय ठेवायची जागा बोगद्यासारखी, आणि तीन पेडलं एकमेकांना खेटून. पाचरेत तर पुढच्या चाकाची कमान आत घुसलेली असते, त्यामुळे पेडलं आणखीच दाटीत. म्हणून बूट महत्त्वाचे.

ते आले तेव्हा पाऊस होता. चहा घेताना चित्राने मला परिस्थिती समजावून सांगितली. नवरा समोरच बसलेला होता, पण तिने त्याला फर्निचरमध्येच धरलं होतं.

"शुभाताई, आमच्या घरात एक दुर्बीण आहे, तिला काच नाही. बागेत पिझ्झाची भट्टी आहे, तिला तोंड नाही. एक हार्मोनियम आहे, एका पट्टीतून खरखर येत होती म्हणून याने तो उघडला. आता खरखर येत नाही. काहीच येत नाही."

"त्याचा भाता मिळत नाहीये," माधव म्हणाला.

"भाता तूच माळ्यावर ठेवलायस." ती माझ्याकडे वळली. "गॅरेज मी शेवटचं देतेय. ही गाडी अर्धी राहिली, तर यापुढे या माणसाने फक्त जेवणाचा डबा उघडायचा."

माधव हसला, पण पूर्ण नाही. चित्रा कप ठेवायला गेली तेव्हा तो हळूच म्हणाला, "मी इतकी वर्षं ज्यावर काम करतो ते डोळ्यांना दिसतच नाही. तेही एका भागाच्या भागावर. एकदा तरी काहीतरी अख्खं संपवून बघायचंय हो." आणि लगेच विचारलं, "ती पाचर का?"

हॉस्टेलच्या भिंतीवर तिचं पोस्टर होतं म्हणे. सगळ्यांच्याच भिंतीवर होतं.

तेवढ्यात मला वर फोन आला. एका खोक्याला आयातवाल्यांनी हरकत घेतली होती आणि मला फायबरची बॉडी म्हणजे होडी नव्हे हे पटवून द्यायचं होतं. माधवला गाडीत बसवायचं काम यानने केलं. मी खाली आले तर सगळं मंगलमय. माधव पाचरेत, दार वर उचललेलं, चेहरा दहावीचा निकाल लागल्यासारखा. यान म्हणाला, "पेडलं उत्तम बसतात. पाय सडपातळ आहेत."

आणि मला गाडीशेजारी, उंबऱ्याबाहेर काढून ठेवावेत तसे, टाचा जुळवून ठेवलेले त्याचे बूट दिसले.

"हे कोणाचे?"

"माझे. अहो, आत किती स्वच्छ आहे, आणि बाहेर चिखल..."

"बूट घालून बसा."

"नव्या गाडीत?"

"नव्या गाडीत."

यानला कळेना. "याने बूट का काढले?" त्याने मला विचारलं.

"आदर म्हणून."

यानने विचार केला. तो स्वतः आपले लाकडी बूट स्वयंपाकघराच्या दाराबाहेर काढतो, त्याची आईही काढायची, त्यामुळे तत्त्व त्याला मान्य होतं. "पण हे स्वयंपाकघर नाही," तो म्हणाला. "इथे आदर ब्रेकला द्यायचा."

माधवने बूट घातले. जाड तळव्याचे, पावसाळी, इथे सगळे घालतात तसे. कसाबसा आत शिरला. मी मागे जाऊन इंजिनाचं झाकण उघडलं. इंजिन बंद होतं, पण अ‍ॅक्सिलरेटरची केबल मागेपर्यंत येते आणि पेडल दाबलं की तिथली पट्टी हलते, ते दिसतं.

"ब्रेक दाबा."

पट्टी हलली.

"फक्त ब्रेक."

"फक्त ब्रेकच दाबलाय!"

पट्टी पुन्हा हलली. त्याने पाय तिरका केला, टाच सरकवली, श्वास रोखला. दर वेळी बुटाची कड शेजारच्या पेडलवर चढत होती.

"माधवराव," मी मागून म्हणाले, "तुम्ही थांबायला जाता तेव्हा गाडी पळायला लागते."

चित्राने शांतपणे सांगितलं, "घरी पण असंच आहे. थांब म्हटलं की याला जोर चढतो."

मग सुरू झाली वकिली. पातळ बूट घेईन. बूट गाडीत काढून ठेवीन. नाही तर असं करू, पेडलांची नवी रचनाच करतो, अवघड नाही, कागद आहे का? मी कागद द्यायच्या आत त्याने पावतीच्या पाठीवर चित्र काढायला घेतलंसुद्धा. चित्र सुरेख होतं. चित्राने ते बघितलं आणि म्हणाली, "झालं. दुर्बीण नंबर दोन."

त्याचा हात थांबला. मलाही वाईट वाटलं, पण त्या वेळी दिलासा देणं म्हणजे त्या कोंबड्यांना आणखी एक खुराडं देणं.

मी तबक आणलं. हे माझं ठरलेलं आहे. त्यात मडगार्डची एक पट्टी, बोल्ट, वायरचे तुकडे, टोकं दाबायची पक्कड आणि सूचनांचा एक कागद. गिऱ्हाइकाने बसून ते जोडायचं, मी लांबून बघायचं. कोण घाई करतं, कोण कंटाळतं, कोणाला उरलेला बोल्ट बघून घाम फुटतो, सगळं समजतं. माधवने कागद वाचला आणि म्हणाला, "वायरिंगच्या या आकृतीत सुधारणेला वाव आहे."

"असेल. जोडा."

"नाही पण, ही वायर जर इकडून घेतली..."

तो सुधारत राहिला. अर्ध्या तासात आकृती फार चांगली झाली. जोडलेलं मात्र काहीच नव्हतं.

या काळात चित्रा कुठे आहे याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. ती सायकलमध्ये बसली होती. गुडघ्याखालपर्यंत नाड्यांचे तिचे बूट, काढायला कोण सोडत बसणार, म्हणून तशीच बसली होती.

"हिला दार कुठंय?" तिने विचारलं.

"नाही."

"पाऊस आला तर?"

"आत येतो. तळाला भोकं आहेत, जातोही."

"बांधायला?"

"दार नाही, काच नाही, छप्पर नाही. दोन हिवाळे."

"आणि त्या पोस्टरला?"

"दोन दारं, काचा, मागचं झाकण, शिवाय मागच्या इंजिनाला गार ठेवायची कटकट. पाच तरी. सुधारणा धरल्या नाहीत."

माधव उठून आला. सायकलभोवती एक फेरी मारली. "ही गाडी वाटत नाही हो," तो म्हणाला. "हिचं काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं."

"म्हणूनच ती पूर्ण होते," मी म्हणाले.

जाताना त्याने पाचरेवरून हात फिरवला आणि मला म्हणाला, "बघू."

यानने विचारलं, "बघू म्हणजे काय?"

"म्हणजे विचार करून सांगतो."

"मग येतील."

"नाही. बघू म्हणजे नाही."

यानने मान हलवली. डच माणूस नाही म्हणायचं असलं की नाही म्हणतो आणि वर कारणंही देतो. आमची ही सोय त्याला अजून शिकता आलेली नाही.

पण पुढच्या शनिवारी माधव आला. एकटा, हातात पिशवी. दारातच वाकला आणि पिशवीतून बूट काढले: बर्फात घालायचे, हत्तीच्या पायाएवढे. ते घालून धप धप करत सरळ सायकलपाशी गेला आणि आत बसला.

"शुभाताई, तुम्ही मागे नको, पुढे या. हिचं इंजिन पुढे आहे. ब्रेक दाबतो, बघा."

मी झाकण काढलं. त्याने दाबला. पट्टी जागची हलली नाही.

"पुन्हा," मी म्हणाले.

हलली नाही.

त्याने एकदा पाचरेकडे बघितलं, माणूस स्टेशनवर निरोप देताना बघतो तसं. "हीच द्या," म्हणाला. "आणि काय अटी असतील त्या सांगा."

माझी एकच अट: बांधून होईपर्यंत सुधारणा नाही. पुस्तिकेत आहे तसंच, चुकीचं वाटलं तरी. चित्राची अट फोनवर कळली. किटची सगळी खोकी गॅरेजमध्ये, पण खोकी फोडायचा कटर तिच्या पर्समध्ये. एका खोक्यातलं सगळं लागल्याशिवाय दुसरं फोडायचं नाही. ती वर्गात प्रश्नपत्रिका अशीच वाटते म्हणे.

मध्ये त्याचे फोन यायचे. वायरिंगच्या दिवसांत फार. "ताई, ही चूक आहे पुस्तिकेत." "असू दे." "पण अधिक चांगलं होईल." "माधवराव, तुम्हाला चांगलं हवंय की संपलेलं?" मग पक्कड दाबल्याचा आवाज. एकदा चित्राचा आवाज आला, "दे इकडे, टोकं मी दाबते, तू नुसतं वाच." त्यानंतर फोन कमी झाले.

दोन हिवाळे म्हटले होते, तेवढेच लागले. निरीक्षकाने एकदा परत पाठवलं, आरसा बोटभर चुकीचा होता. दुसऱ्यांदा पास. आणि एका रविवारी वर्कशॉपच्या आवारात गाडी आली. भर पावसात, अर्थातच. चित्रा चालवत होती, तेच नाड्यांचे बूट घालून. माधव शेजारी निथळत होता. मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत त्याचे स्वतःचे बूट, कोरडे ठणठणीत. पायात मोजे.

"नवी गाडी आहे," तो मला म्हणाला. मी काही विचारलं नव्हतं.

यानने गाडीभोवती फेरी मारली. वाकून खाली बघितलं, एक बोल्ट चाचपला, मडगार्ड हलवून पाहिला. मग म्हणाला, "याहून वाईट असू शकलं असतं."

माधवचा चेहरा उतरला. मला सांगावं लागलं, की देशाच्या या पूर्वेकडच्या भागात याच्या वर स्तुती नाही. यानने स्वतःच्या लग्नातही एवढंच म्हटलं होतं.

चहाला आत आले तेव्हा चित्राने पर्समधून कटर काढून टेबलावर ठेवला आणि माधवपुढे सरकवला. त्याने तो खिशात घालताना शर्टाला पुसला.

"आता पुढे काय उघडणार?" मी विचारलं.

"उघडत नाहीये. बंद करतोय. हार्मोनियमला भाता बसवला."

"माळ्यावरच होता," चित्रा म्हणाली.

"आणि दुर्बीण?"

"तिची काचही बसली. आता फक्त आकाश मोकळं व्हायची वाट बघतोय."

आम्ही चौघांनी खिडकीबाहेर बघितलं. एनस्खेडेचं आकाश गिरणीच्या छपराला टेकलं होतं. यान म्हणाला, "मग ते काम काही संपत नाही."

निघताना माधव स्टिअरिंगवर बसला. मी छत्री घेऊन बाहेर आले तोवर बुटांची पिशवी चित्राच्या मांडीवर गेली होती आणि तो मोजे घातलेला पाय पेडलवर ठेवत होता. मी ओरडले, "माधवराव, बूट!"

"राहू द्या हो, शुभाताई," चित्रा म्हणाली आणि पिशवीची गाठ घट्ट केली. "हिचा ब्रेक दाबला की ब्रेकच लागतो."